बासष्ट सत्कार आणि एक बाप

पाठमोरा माणूस टीव्हीवर थांबवून ठेवला होता आणि आष्ट्यातल्या एका घराच्या पुढच्या सोप्यात चार माणसं त्याच्याकडं टक लावून बघत होती.

“ह्येच,” धनाजी म्हणाला. “चाल बघ की. दाजींचीच चाल हाय.”

“थांबलेल्या माणसाची चाल कुठनं दिसली तुला, दादा?” त्याची बहीण अंजना म्हणाली.

धनाजीच्या पोरानं, पप्पूनं, रिमोट दाबला. पाठमोरा माणूस वळला. तो आचारी निघाला. त्यानं कॅमेऱ्याकडं बघून झारा हलवला आणि मग पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्यांचा पाऊस पडला. तो पप्पूनं नंतर घरी बसून पाडलेला होता.

अंजनाचा नवरा गुंडा जाऊन पाच महिने झाले होते. पोरीचं, सृष्टीचं, लग्न वैशाखात झालं. दिवाळीच्या तोंडावर उसाला पाणी पाजून आलेला माणूस चपला काढायला म्हणून पायरीवर बसला, तो पुन्हा उठला नाही. भिंतीवर हार घातलेला फोटो होता, तो आधार कार्डावरचा मोठा केलेला. त्यात गुंडा मोटार चोरताना सापडल्यासारखा दिसायचा. आलेगेले त्या फोटोला हात जोडत, आणि अंजनाला वाटायचं, ही सगळी भलत्याच माणसाच्या पाया पडायला लागलीत. सृष्टीच्या मोबाईलमध्ये बापाचे दोन फोटो होते, दोन्हींत डोळे मिटलेले. बाकीच्यांच्या मोबाईलमध्ये ज्याचे त्याचेच फोटो होते.

तेही तिनं चालवून घेतलं असतं. पण गेल्या आठवड्यात भाकरी थापता थापता तिला नवऱ्याचा आवाज आठवेना. शब्द आठवत होते, आवाज येत नव्हता. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि भावाला फोन लावला. म्हणाली, सृष्टीच्या लग्नाची शूटिंग लावा, मला त्यास्नी चालताबोलता बघायचंय. सृष्टी शिरवळहून आली, पप्पू पेनड्राइव्ह घेऊन आला आणि सकाळी दहापासून सगळी गुंडाला हुडकत बसली.

चूक आता कुणाची म्हणायची? लग्न ठरलं तेव्हा साताऱ्याहून वीरधवल नावाचा एक शूटिंगवाला येऊन गेला होता. वीस वर्षं त्याच धंद्यात मुरलेला. चहा घेतला, आणि कॅमेरा किती भारी आहे, हे सांगायचं सोडून त्यानं विचारलं, “घरातली माणसं कोण कोण? मला आदल्या दिवशी येऊन जरा त्यांच्यात बसू द्या. बाप कुठं उभा राहतो, आई कधी रडते, हे आधी कळलं म्हणजे ऐनवेळी कॅमेरा तिकडं असतो.”

धनाजी हसून हसून लाल झाला होता. शूटिंग करायला आलाय का सोयरीक जुळवायला, असं त्यानं तोंडावर विचारलं. आपल्या पप्पूकडं ड्रोन हाय, हा घरात बसून काय काढणार, असंही म्हणाला. नवरीच्या मामाचा शब्द लग्नात खाली पडत नाही. वीरधवल कप खाली ठेवून निघून गेला आणि ड्रोन आला.

तर ते ड्रोन. शूटिंग सुरू होते तीच आभाळातून. ऊस, कॅनॉल, पाण्याची टाकी, पुन्हा ऊस. मग मांडव आणि मांडवात चारशे केशरी फेटे. सगळ्या पाहुण्यांना एकाच रंगाचे फेटे ही कल्पनासुद्धा धनाजीचीच. वरून मांडव असा दिसत होता की झेंडूच्या राशीत एखादं फूल हुडकायचं. अंजना टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसली. एका फेट्यावर बोट ठेवायची, फेटा हलला की बोट हलवायची. तिसऱ्यांदा बोट ठेवलेला फेटा नवरदेवाच्या आत्याचा निघाला.

मग ड्रोन खाली आलं. त्याच्या वाऱ्यानं भटजींच्या पुढ्यातल्या अक्षता उडाल्या, अंतरपाट नवरदेवाच्या तोंडाला गुंडाळला गेला आणि त्या गोंधळात गुंडा दिसेल म्हणून सगळी पुढं सरकली, तर पप्पूनं तेवढ्यात दोन हंस सोडले. हंसांनी माना जोडून बदाम केला.

“ह्यास्नी कशाला सोडलंस रं मधी?” अंजनानं विचारलं.

“इफेक्ट हाय आत्ती,” पप्पू म्हणाला. “लय जणांनी मागून घेतलाय माझ्याकडनं.”

त्यानंतर सत्कार. जिल्हा परिषदेचे माजी सदस्य, सोसायटीचे चेअरमन, आजी सरपंच, माजी सरपंच, माजी सरपंचांचे जावई. शाल, श्रीफळ, फेटा. एकेकाला पुरता वेळ, पायापासून डोक्यापर्यंत. आमच्याकडं पोरीचं लग्न म्हणजे पुढाऱ्यांचा मेळावा असतो, मधून मधून दोन पोरं हार घालतात एवढंच. लाज कुणालाच वाटत नाही. शाल पांघरणाऱ्याला नाही आणि घालणाऱ्याला तर नाहीच नाही. कन्यादानाच्या वेळी अंजनानं श्वास रोखून धरला. भटजी दिसले, तांब्या दिसला, पाण्याची धार सुरू झाली आणि कॅमेरा गर्रकन वळला. बाहेर माजी सदस्यांची गाडी येऊन थांबली होती. दार उघडलं, बूट खाली आला, मागून माणूस आला. कॅमेरा परत आला तोवर कन्यादान उरकलं होतं आणि भटजी हात पुसत होते.

आवाजाचा तर प्रश्नच नव्हता. पप्पूनं साऱ्या लग्नावर एकच हिंदी गाणं अंथरलं होतं. ते संपलं की पुन्हा तेच.

खरा कडेलोट पुढंच होता. सृष्टी हळूच म्हणाली, ही शूटिंग लग्नानंतर आपण तीनदा बघितली होती. पप्पांनीबी बघितली होती, चहा पीत. आपण ह्यात कुठंच नाही, हे त्यांच्याबी ध्यानात आलं नव्हतं. आपल्याबी न्हाई.

सोप्यात कुणी कुणाकडं बघेना. मग अशा वेळी जे करतात ते धनाजीनं केलं, त्यानं पोरावर हात उगारला. “बाप हाय त्यो नवरीचा. एकदाबी काढावा वाटला न्हाई तुला?”

पप्पू रडकुंडीला आला. कॅमेऱ्याच्या पिशवीत हात घालून त्यानं चार घड्या घातलेला एक कागद काढला. “गुंडामामांनीच दिलता,” तो म्हणाला. “ह्यातलं एक नाव जरी सुटलं तर तंगडं मोडीन म्हणालं. पावणं रुसत्यात म्हणालं.”

गुंडाचंच अक्षर होतं, उसाच्या टोळीच्या हजेरीसारखं खाली खाली घसरत गेलेलं. बासष्ट नावं. पप्पूनं प्रत्येकापुढं बरोबरची खूण केली होती, बासष्टच्या बासष्ट. पोरानं काम चोख केलं होतं. यादीत गुंडाचं नाव नव्हतं, अंजनाचंही नव्हतं. अंजनानं कागदावरून बोट फिरवलं, घडी घातली आणि ब्लाऊजमध्ये ठेवून दिला.

शूटिंग कापण्याआधीचं सगळं कुठं आहे म्हणून विचारलं, तर कॅमेऱ्याच्या त्याच मेमरी कार्डावर पप्पूनं पुढं बैलगाडीच्या शर्यती शूट केल्या होत्या. लग्न पुसून टाकलं होतं.

“पुसलेलं बी निघतंय म्हणं कवा कवा,” पप्पू पुटपुटला. “पण ते मला येत न्हाई. त्या साताऱ्याच्या वीरधवलना येतंय.”

धनाजीनं बराच वेळ तंबाखू मळली. शेवटी उठला. ज्याला दारातून घालवला त्याच्या दारात जायला माणसाला लय जड जातं, पण बहिणीनं तोवर पायात चपला घातल्या होत्या.

साताऱ्यात वीरधवलनं कसलाही टोमणा मारला नाही. मारला असता तर धनाजीला बरं वाटलं असतं. त्यानं कार्ड घेतलं, कॉम्प्युटरला लावलं आणि अंजनाला विचारलं, “वहिनी, कुणाला शोधायचंय? कसे आहेत दिसायला?”

वर्षापूर्वी चहा पिताना त्यानं हेच विचारलं होतं. अंजना सांगायला लागली. उंची बेताची, जरा डावीकडं झुकून चालत्यात. उजव्या हाताचं पयलं बोट अर्धंच हाय, कडबा कुट्टीच्या मशिनीत गेलंय. बोलताना तेच बोट नाचवत्यात. ती ‘नाचवत्यात’ म्हणाली, ‘नाचवायचे’ म्हणाली नाही, आणि कुणी दुरुस्तही केलं नाही. धनाजी खिडकीतून बाहेर बघत राहिला.

संध्याकाळपर्यंत कार्डातून तुकडे निघत गेले. बैल. धुरळा. वरातीतला बँडवाला. परत बैल. एका तुकड्यात अर्धी सृष्टी आणि अर्धा बैल एकमेकांना चिकटून आले. पप्पू मान खाली घालून बसला होता. मग वीरधवल म्हणाला, “हे बघा बरं.”

मांडवाची मागची बाजू. चूल, पातेली. पप्पू कॅमेरा चालतो का बघत असावा, कारण चित्र हलत होतं आणि त्यावर गाणं नव्हतं. फेटा बांधलेला एक माणूस, जरा डावीकडं झुकलेला, आचाऱ्याशी मिठावरून भांडत होता. वळला. कॅमेरा बघितला आणि तरातरा चालत आला.

“बंद कर रं. मला काय काढतुयास? मी कुठं पळून चाललोय? घरातच हाय की मी, कवाबी काढ. पावणं आलं बघ, पळ तिकडं.”

आणि त्यानं भिंगावर हात ठेवला. सगळा पडदा तळव्यानं भरून गेला. घट्टे, हळदीचा पिवळा डाग आणि अर्धं बोट. त्या अर्ध्या बोटाच्या वरनं तेवढा उजेड आत येत होता.

अकरा सेकंदं. पप्पू रडायलाच लागला. खराब शॉट म्हणून आपणच टाकून दिला होता, म्हणाला. अंजना रडली नाही. तिनं वीरधवलला सांगितलं, परत लावा. त्यानं परत लावलं. सात वेळा लावलं. आठव्यांदा तिनं डोळे मिटले आणि नुसतं ऐकलं.

आधार कार्डाचा फोटो भिंतीवरून उतरला नाही, तो पाहुण्यांसाठी राहिला. आवाज मात्र तिच्या मोबाईलमध्ये आला. भाकऱ्या थापताना ती तो लावून ठेवायची. घरातच हाय की मी, कवाबी काढ.

पुढं श्रावणात सृष्टीचं डोहाळजेवण निघालं. ह्या वेळी वीरधवल आदल्या दिवशीच येऊन सोप्यात बसला आणि धनाजीनं स्वतः त्याला चहा नेऊन दिला. सवयीनं धनाजीनं सत्काराची एक यादीही करून आणली होती, छोटीशीच, तेरा नावांची. अंजनानं ती वाचली आणि चुलीत सारली.

पण सकाळपासून ती स्वतः काही चुलीपुढून हलली नाही. बाहेर बायका सृष्टीची ओटी भरत होत्या. पोरीला नऊ महिने पोटात वाढवणारी आई नवरा मेला म्हणून त्या रांगेत चालत नाही, हे कुणी बोललं नव्हतं. बोलावं लागू नये म्हणूनच ती आपणहून पुऱ्या लाटायला बसली होती.

वीरधवल मांडवातून उठला, सगळ्या बायकांना पाठ दाखवून मागं आला आणि कॅमेरा तिच्यावर धरला. तिचा पिठानं माखलेला हात झटकन वर गेला.

“मला काय काढतायसा? मी हाय की घरात, पाव...”

हात भिंगाच्या वीतभर अलीकडं थांबला. ती त्या हाताकडं बघत राहिली, जणू तो तिचा नव्हताच. मग तिनं तो खाली घेतला, मांडीवर पुसला.

“थांबा जरा,” ती म्हणाली. “पदर नीट करते. आन् सृष्टीला हितं बोलवा, माझ्याशेजारी.”

कढईतली पुरी तेवढी करपली.