महादूभाऊंची हलती अक्षरं

आमच्या कासा गावात टीव्हीवरच्या पट्टीशी भांडणारा माणूस एकच, महादूभाऊ. बातम्यांखाली अक्षरं सरकू लागली की ते खुर्चीतूनच हात उंचावतात. "अरे, थांब की! प्यासिंजर चढलं नाही अजून!" पट्टी अर्थातच थांबत नाही. मग ते माझ्याकडे बघतात, जणू तिचा ड्रायव्हर माझा नातेवाईक आहे.

आयुष्यभर त्यांनी एसटी स्टँडवर कंट्रोलरची नोकरी केली. पाड्यांवरून कुणी धावत येताना दिसलं की यांची गाडी हलायची नाही. त्यांच्या काळात कुणी मागे राहिलं नाही आणि फारशी कुठली गाडी वेळेवर सुटली नाही. वरिष्ठांनी यातल्या फक्त दुसऱ्या गोष्टीची लेखी दखल घेतली.

मोबाईलचं इंटरनेट नुकतंच स्वस्त झालं होतं आणि जो तो घरबसल्या तज्ज्ञ होऊ लागला होता. मी शेजारी राहत होतो आणि माझ्याकडे लॅपटॉप होता, म्हणून मला संगणकातलं कळतं असा गल्लीचा समज होता. एका सकाळी भाऊ दारात उभे.

"सर, अक्षरं हलवायचं एखादं सॉफ्टवेअर सांगा. नवशिक्याला झेपेल असं."

प्रकरण असं होतं. त्यांच्या मुलीच्या, सुनीताच्या लग्नाचा व्हिडिओ डहाणूच्या एका स्टुडिओने करून दिला होता. दिवाळीला उधवा गावचे व्याही यायचे होते आणि तेव्हा तो सगळ्यांनी मिळून पुन्हा बघायचा होता. त्याआधी भाऊंना त्यातली नावं स्वतः टाकायची होती. त्यासाठी स्टुडिओकडून कोरं शूटिंगही मागून आणलं होतं.

"पहिली नावं वाईट आहेत का?"

"वाईट नाहीत. उनाड आहेत."

ती मी पाहिली. प्रत्येक नाव सोन्याच्या जळत्या कड्यातून बाहेर पडत होतं, गिरक्या घेत होतं आणि विजेच्या कडकडाटात गुप्त होत होतं. नवरदेवाच्या काकांचं नाव इतक्या थाटात प्रकटलं, की त्यानंतर काका नुसतेच जिलेबी खाताना दिसले तेव्हा मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं.

आमची शोधमोहीम सुरू झाली. पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये इतकी बटणं होती, की भाऊ म्हणाले, "ही बस नाही, विमान आहे. लायसन लागेल." दुसऱ्यात मराठी अक्षरं फुटायची, वेलांटी आधी यायची आणि तिचं अक्षर मागून, धापा टाकत. तिसरं डहाणूच्या एका कॉम्प्युटरवाल्याने गळ्यात मारायचा प्रयत्न केला. "काका, आमच्यावाला घ्या ने! एकदम पिक्चरसारखा लुक येते."

"पिक्चर मी थेटरात बघेन. हे नाव थांबतं का ते दाखवा."

"थांबेल तर पब्लिक बोर होते, काका."

"पब्लिकला उतरवा. एकच प्यासिंजर आहे माझं."

मला वाटलं, म्हातारा स्वतःबद्दलच बोलतोय. कारण भाऊंची परीक्षा ठरलेली होती. पडद्यावर एखादं नाव टाकायचे, हवेत बोट फिरवत ओठातल्या ओठात ते वाचायचे, आणि इतक्या सावकाश, की वाचून होईपर्यंत नाव निघून गेलेलं असायचं. मग मान हलवायचे. "सुटली." ज्या माणसाने धुरळ्यातून गाड्यांच्या पाट्या वाचल्या, त्याची नजर एकाएकी गेली कशी, हे मला उमगेना. मी चष्म्याचा विषय काढला. त्यांनी मला चहा दिला.

शेवटी एक फुकटातलं, साधं, जवळजवळ बावळट सॉफ्टवेअर सापडलं. त्यात प्रत्येक नावाची खाली एक पट्टी असे. पट्टी ओढून लांब केली की नाव तेवढा वेळ थांबे. ना आग, ना वीज. भाऊंनी ती रबरासारखी ओढली आणि पहिल्यांदाच हसले.

"भाऊ, एवढा वेळ कशाला?" मी म्हटलं. "दोन क्षण पुरतात."

"कोणाला पुरतात?"

दिवाळीच्या आधी एका दुपारी त्यांनी मला बोलावलं. वहिनी आत चहा टाकत होत्या. जानकीवहिनी, पाहुण्यांसमोर चार शब्दांच्या वर न बोलणाऱ्या. भाऊ हळूच म्हणाले, "सुनीता शाळेत जायला लागली तेव्हा ही रात्रीच्या साक्षरता वर्गाला बसायची. वाचते, पण बोट ठेवून. मागल्या वेळी व्याही होते, हिचं नाव गरगर फिरून गेलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हिनेपण वाजवल्या. मग माझ्या कानाशी येऊन म्हणते, माझा नाव येऊन गेला काय?"

चष्म्याचा विषय मी मनातल्या मनात मागे घेतला.

वहिनी पदराला हात पुसत लॅपटॉपसमोर बसल्या. हळद झाली, वरात आली. मग मांडवाच्या खांबाशी उभ्या असलेल्या बाईच्या शेजारी पांढरी अक्षरं आली, एकेक करून, आणि थांबली. वहिनींचं बोट काचेवर टेकलं.

"व… धू… ची. आ… ई." बोट पुढे सरकलं. भाऊ दुसरीकडे, खिडकीकडे बघत होते. "जा… न… की."

नाव तसंच होतं. वहिनींनी ते पुन्हा एकदा वाचलं, या वेळी सलग. मग माझ्याकडे वळून, इतक्या वर्षांच्या शेजाऱ्याला पहिल्यांदाच ओळख करून द्यावी तशा म्हणाल्या,

"ही मी."