गवती चहा चांदीचे घंगाळांत बसविला त्याची हकीकत

श्रीचे पायीं पूर्ण आणि सत्यापुढें जमेल तितकें वांकून लिहितों. शके सोळाशें एकुणनव्वद, सर्वजितनाम संवत्सरे, भाद्रपदमासीं कोण्या एका राज्यीं ऐसें वर्तलें. महाराज मोठे शूर, शत्रूपुढें कधीं डगमगले नाहींत, कारण शत्रू कधीं पाहिलाच नाहीं. परंतु हवा पालटली कीं पडशानें हैराण होत. मग मुदपाकखान्यांतील स्वयंपाकीण साळूबाई परसांतील गवती चहाचीं चार पातीं कापी, गांठ मारून आलें-गुळाचे पाण्यांत उकळी, आणि महाराज पेलाभर प्राशन करून माणसांत येत. तो गवती चहा म्हणजे साळूबाईस माहेरची उरलेली एकच वस्तु. आईनें ओटींत घातलेला कोंब तिनें मोरीचे पाण्यावर लावून वीस वर्षें वाढविला होता.

एके दिवशीं महाराज वदले, "वाहवा! हें तर राज्याचें भूषण!" आणि कारभारी विसाजीपंत, ज्यांनीं उभ्या जन्मांत तुळशीस तांब्याभर पाणी घातलें नाहीं, ते परसांत धांवले आणि नाकास उपरणें लावून ओरडले, "शिव शिव! महाराजांचे कंठीं जाणार तें खरकट्या पाण्यावर?"

साळूबाई म्हणाली, "पंत, त्याला मोरीचंच पाणी मानवतं. हलवाल तर जाईल हो तो!"

"तूं आपली चूल सांभाळ," पंत वदले, आणि ठोंब उपटविला, सातां पाण्यांनीं धुविला, आणि चांदीचे घंगाळांत रोवून सिंहासनाशेजारीं ठेविला, आणि रोज वर दूध नि गुलाबपाणी ओतविलें, आणि मोर्तबावांचून पातें कापूं नये ऐसा हुकूम सोडिला. घंगाळास खालीं भोंक लागतें हें एकाही शहाण्यास सुचलें नाहीं. ठोंब पिवळा पडला, तेव्हां पंत म्हणाले, सुवर्णकांती आली! इकडे साळूबाई खड्ड्यापाशीं बसून पोटभर रडली, आणि मग मातींत हात घातला तों दोन कोंब राहिले होते. तिनें त्यांवर माती सारली आणि भांडीं घासावयास बसली.

पौषांत महाराज शिंकूं लागले. अर्ज जाहला, मोर्तब जाहलें, पांचवे दिवशीं लिबलिबीत पातें उकळलें, आणि महाराजांनीं घोट घेऊन तो पंतांचे पागोट्यावर थुंकिला. "आंबलेलें दूध!" पंत पागोटें पुशीत वदले, "साळूची दृष्ट लागली, महाराज!" साळूबाई परसांत गेली आणि ताजा पेला घेऊन आली. महाराजांचें नाक मोकळें जाहलें, आणि न्याय ऐसा जाहला कीं पंतांस शेला मिळाला, आणि पंतांनीं नव्या ठोंबासाठीं सोन्याचें घंगाळ मागविलें.

साळूबाई "बरं" म्हणाली, आणि दुसरे दिवशीं सकाळीं परसांतील ठोंब फोडून पाणी भरणार्‍या, धुणें धुणार्‍या सगळ्या बायकांचे ओटींत एकेक कोंब घातला. पंत येऊन पाहतात तों खड्डा!

"ठोंब कोठें?"

"माहेरची ओटी होती, पंत, वांटून टाकली. आतां गांवच्या मोर्‍या हुंगत फिरा!"

पुढील थंडींत पंतांसच पडसें जाहलें. कुटुंबानें वाफाळता पेला पुढें केला. पंतांनीं तळापर्यंत पिऊन पुसिलें, "कोठील हो हें?"

"आपल्याच मोरीवरचं."

पंतांनीं पेला पुन्हां पुढें केला.

सारांश, सोन्याचें घंगाळ अद्याप रितें आहे, मोर्‍या हिरव्या आहेत, आणि पंत अजून कारभारी आहेत. लेखनसीमा.