धायरीतील दोन मुके स्पीकर

महाराष्ट्रात गुप्तहेर पुष्कळ असतील, पण ते गुप्त असल्यामुळे त्यांची मोजदाद होत नाही. म्हणून पहिला क्रमांक मी स्वतःकडे घेतला आहे. मी अवधूत खासनीस. नजर घारीची, कान सशाचे, आणि बुद्धीला साजेशी उपमा अजून सापडलेली नाही. तपास चालू आहे. माझं कार्यालय धायरीत, माझ्या पत्नीच्या फॉल-पिकोच्या दुकानात आहे. काउंटरच्या डाव्या बाजूला साड्या घेतल्या जातात, उजव्या बाजूला गुन्हे. वर्षभरात उजव्या बाजूलाही साड्याच आल्या, हा भाग वेगळा.

माझं मुख्य शस्त्र म्हणजे भिंग. घेऊन बरीच वर्षं झाली, पण आजही दुकानातून आत्ताच आणल्यासारखं कोरं आहे. वस्तू कशी जपावी हे माझ्याकडून शिकावं. त्यातून पाहिलं की जग किंचित धुक्यात बुडालेलं दिसतं. रहस्याला वातावरण लागतं, ते मला असं फुकटात मिळतं.

माझी पत्नी जया हीच माझी साहाय्यक. दोन्ही पदं तिने नाइलाजाने सांभाळली आहेत.

त्या रविवारी दुपारी आमच्याच सोसायटीतले दिगंबर परचुरे दुकानात आले. गणिताचे निवृत्त मास्तर. चेहरा पडलेला.

"आवाज गेलाय," ते म्हणाले.

"मीठ-पाण्याच्या गुळण्या करा," जया साडीतून मान वर न काढता म्हणाली.

"माझा नाही हो. टीव्हीचा. इलेक्ट्रिशियन रविवारी फोन घेत नाही, वायरमन गावाला गेलाय. म्हटलं, आता तुमच्या यांना तरी विचारून बघावं."

मी भिंग उचललं. जयाने मशीन बंद केलं आणि एक उसासा सोडला. मी तो होकार धरला.

परचुऱ्यांच्या घरात पाऊल टाकताच माझं मन भरून आलं. काय ती टापटीप! सोफ्यावर प्लॅस्टिक, जेवणाच्या टेबलावर प्लॅस्टिक, रिमोट पारदर्शक पिशवीत घालून वर रबरबँड. नव्याकोऱ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडावरची पातळ फिल्मसुद्धा जशीच्या तशी. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन उंच स्पीकर उभे होते, लग्नात हार घेऊन तिष्ठणाऱ्या मामांसारखे.

"गुन्हा केव्हा घडला?" मी विचारलं.

"गुन्हा कसला! ऐका," म्हणत उल्कावहिनींनी, म्हणजे परचुऱ्यांच्या सौभाग्यवतींनी, हकिगत सांगितली. त्यांची मुलगी तनया आठ महिन्यांपूर्वी आयटीतली नोकरी सोडून सिनेमात काम करायला निघाली, तेव्हा दिगंबरराव तिला म्हणाले होते, "या विषयावर मला तुझं एक अक्षर ऐकायचं नाही." ती तडक विश्रांतवाडीला मैत्रिणीकडे राहायला गेली. आता तिचा पहिला सिनेमा घरबसल्या बघायला मिळतोय. त्यात तिला एकच वाक्य आहे.

"ह्यांच्या तोंडून 'चुकलो' काही निघत नाही," वहिनी म्हणाल्या. "त्याऐवजी हे दोन स्पीकर आणले. तिला निरोप धाडला, पाचला ये, सगळे मिळून ऐकू. आणि आता पडद्यावर तिचे ओठ हलणार आणि घरात चिडीचूप! काय वाटेल तिला?"

"मी मुद्दाम केलं असं वाटेल," दिगंबरराव हळूच म्हणाले.

मी तपासाला लागलो. अ‍ॅम्प्लिफायरवर रेडिओ लावला, स्पीकर खणखणीत. म्हणजे टीव्हीतून निघालेला आवाज अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोचतच नव्हता. वाटेत त्याला कुणीतरी गाठलं होतं. माझा पहिला संशय खालच्या मजल्यावरच्या हिंदुरावांवर गेला. या माणसाला मोठा आवाज खपत नाही. मी थेट त्यांच्या दारात उभा राहिलो.

"परचुऱ्यांच्या टीव्हीचा आवाज नाहीसा झालाय. तुमचं काय म्हणणं आहे?"

"सापडला तर परत देऊ नका," म्हणून त्यांनी दार लावलं. निर्दोष माणूस इतक्या घाईने दार लावत नाही. पण पुरावा नव्हता, म्हणून मी वर आलो.

जया तोवर दिगंबररावांना विचारत होती, "दुसरी एखादी वायर नाही का?"

"आहेत की! तिन्ही प्रकार आणलेत," मास्तरांनी फळ्यापाशी उभं राहावं तसं सांगायला घेतलं. "ही लाल-पांढऱ्या पिनांची. लावली, आवाज आला, पण मागे गुणगुण येते."

"कसली?"

"डासासारखी. दुसरी ही एचडीएमआय. ती लावली की टीव्ही बंद केला तर अ‍ॅम्प्लिफायर बंद होतो, अ‍ॅम्प्लिफायर चालू केला की टीव्ही चालू होतो. एकाला हात लावावा तर दुसरा रुसतो. म्हणून शेवटी ही ऑप्टिकल घेतली. हिच्यातून वीज जात नाही, उजेड जातो. गुणगुणीचा प्रश्नच नाही!"

"आवाजाचाही नाही," जया म्हणाली. "अहो दिगंबरराव, आजच्या दिवस ती डासाची लावा. निदान ऐकू तरी येईल."

"माझ्या मुलीच्या पहिल्या वाक्यात डास?" दिगंबररावांचा आवाज चढला. "नाही!"

"मग टीव्हीचे स्वतःचे स्पीकर?"

"त्यांना कायमची सर्दी आहे."

मी दरम्यान टीव्हीच्या मागे शिरलो होतो. भिंगातून पाहिलं. धुक्यात एक लालसर ठिपका आणि वायरीच्या टोकाला गुंडाळलेली काळी चिकटपट्टी. माझ्या अंगावर काटा आला.

"चिकटपट्टी कुणी लावली?"

"मीच. वायर आत नीट बसेना, सारखी गळून पडत होती."

"असं तुम्हाला वाटतं! साहेब, तोंडाला पट्टी बांधलेली आहे. हे अपहरण आहे. आवाज याच घरात आहे, जिवंत आहे, पण त्याला बोलू दिलं जात नाही." मी गर्रकन वळलो. "आणि मला सांगा, आठ महिन्यांपूर्वी कोण म्हणालं होतं, एक अक्षर ऐकायचं नाही म्हणून? हेतू तुमचा, चिकटपट्टी तुमची. दिगंबर परचुरे, गुन्हेगार तुम्हीच आहात!"

दिगंबरराव खाली बघत राहिले. जयाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की भिंगातूनही ती स्वच्छ दिसली.

तेवढ्यात बेल वाजली. दारात तनया उभी होती, खांद्यावर पिशवी, चेहऱ्यावर नको तितका शिष्टाचार. "कसे आहात, बाबा?" तिने विचारलं. दिगंबररावांनी मान हलवली, सोफ्याकडे बोट दाखवलं आणि रिमोट उचलला. बहुधा आयत्या वेळी चमत्कार होईल अशी त्यांना आशा होती.

पडद्यावर दवाखाना आला. पांढऱ्या कपड्यांतली नर्स तनया दारातून बाहेर आली. ओठ हलले. घर शांत.

"आवाज बंद ठेवलाय का?" तनयाने विचारलं. दिगंबररावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मास्तरांनी उभा जन्म दुसऱ्यांना उत्तरं विचारली होती, स्वतः देण्याची सवय नव्हती.

"कळलं मला," तनया म्हणाली आणि पिशवी उचलून उठली. ती उठली तशी सोफ्याचं प्लॅस्टिक करकर वाजलं.

आणि उल्कावहिनींचा बांध फुटला.

"या घरात एकट्या या प्लॅस्टिकला तेवढा आवाज आहे!" त्यांनी सोफ्याचं आवरण टराटरा ओढलं. "मुलगी येणार म्हणून सोफा जपायचा, आणि मुलगी आली की तिला त्या करकरीवर बसवायचं!" रिमोटची पिशवी गेली. टेबलावरचं गेलं. अ‍ॅम्प्लिफायरची फिल्म सर्रकन निघाली. पुढे मी उभा होतो. माझ्या हातातलं भिंग त्यांनी हिसकावलं, नखाने त्याच्या दोन्ही बाजूंचा पापुद्रा सोलला आणि भिंग परत दिलं.

"वहिनी, ते नवीन आहे!" मी ओरडलो.

त्या टीव्हीच्या मागे पोचल्या होत्या. चिकटपट्टी एका झटक्यात उचकटली. वायर हातात आली. तिच्या टोकावर बोटाच्या नखाएवढं पारदर्शक प्लॅस्टिकचं टोपण होतं, कारखान्यातून आलेलं.

"अहो! हेसुद्धा काढलं नाहीत?"

"टोक खराब होऊ नये म्हणून असेल असं वाटलं," दिगंबरराव म्हणाले. "काढतात होय ते?"

जयाने दुसऱ्या टोकाचंही टोपण काढलं आणि वायर दोन्हीकडे दाबली. टक् असा आवाज झाला. लगेच दोन्ही स्पीकरमधून दवाखान्याची गजबज घरभर पसरली. दिगंबररावांनी घाईघाईने प्रसंग मागे नेला. तनया दारातच थबकली होती.

पडद्यावरची तनया बाहेर आली. डास नाही, सर्दी नाही. शेजारी उभं राहून बोलावं इतक्या स्वच्छ आवाजात तिने विचारलं, "पेशंटचे नातेवाईक कोण आहेत?"

दिगंबरराव ताडकन उभे राहिले.

"मी," ते म्हणाले. "मी आहे. मी वडील आहे तिचा."

तनयाने पिशवी खाली ठेवली. खालून हिंदुरावांनी छताला काठी ठोकली. त्यांच्याकडे कुणीही लक्ष दिलं नाही.

मी मात्र कर्तव्य विसरलो नव्हतो. भिंग डोळ्याला लावलं. न जपलेल्या भिंगातून जग फारच भडक आणि जवळ दिसतं, सवय व्हायला वेळ लागेल. दिगंबररावांच्या चेहऱ्यावर ते धरलं, तर दोन्ही डोळ्यांत पाणी.

"सगळी प्लॅस्टिकं एकदम काढल्याचा परिणाम," मी जयाच्या कानात अनुमान सांगितलं. "धूळ गेली त्यांच्या डोळ्यांत."

जयाने माझ्या हातातून भिंग काढून घेतलं. "हो," ती पदराने डोळे पुसत म्हणाली. "माझ्याही."