अण्णांचं मऊ पाणी

आमच्या वरच्या मजल्यावरचे वसंतअण्णा कुणाच्याही घरी गेले की पुढे आलेलं पाणी लगेच पीत नाहीत. आधी खिशातून होमिओपॅथीच्या गोळ्यांची जुनी बाटली काढतात, तिच्यातल्या साबणाच्या पाण्याचे चार थेंब पेल्यात टाकतात, वर तळवा दाबून पेला खळाखळा हलवतात आणि उजेडाकडे धरतात. फेस आला तर यजमान भला माणूस. मग ते दुसरा पेला मागतात. फेस नाही आला तर "जड आहे," एवढंच बोलून पेला परत करतात.

पुतणीसाठी स्थळ बघायला गेले तिथेही त्यांनी हेच केलं. मुलगा इंजिनिअर, सुभाष रोडच्या मागे स्वतःचं घर, पण पाण्याला फेस नाही. "नोडप्पा," मला नंतर म्हणाले, म्हणजे कानडीत 'बघ बाबा', "चार वर्षांत पोरीचे केस जातील." पुतणीने त्याच मुलाशी लग्न केलं. सहा वर्षं झाली, केस जागेवर आहेत. अण्णा तिला अपवाद समजतात.

अण्णा इथल्याच एका कॉलेजात केमिस्ट्रीचे डेमॉन्स्ट्रेटर होते. रिटायर झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात त्यांनी कॉलेजच्या कूलरबद्दल जे सांगितलं, त्यानंतर कुणी चहाशिवाय काही प्यायलं नाही. मग त्यांची नजर विद्यानगरातल्या आमच्या अपार्टमेंटकडे वळली. नळाला पाणी येईल तेव्हा येतं, एरवी आठही घरांची भिस्त बोअरवर. आणि आमचं बोअरचं पाणी असं, की वर्षाला एक गिझर खातं.

अण्णांनी कमरीपेठेतून दोन पिंपं करून आणली आणि गच्चीवर बसवली. एकात नारळाच्या करवंटीचा कोळसा. तो पाण्याचा वास आपल्या अंगाला चिकटवून घेतो. दुसऱ्यात साबुदाण्यासारखे पिवळट दाणे, त्याला रेझिन म्हणतात. ते पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि पाणी 'मऊ' होतं. कसं, ते अण्णा दोन हातांनी दाखवतात. "दाण्यावर आधीच कुणीतरी बसलेला आहे. कॅल्शियम आला, की तो याला जागा देतो. एक उठला, दुसरा बसला. मुगीतु!" मुगीतु म्हणजे संपलं. हे म्हटल्यावर अण्णा किमान अर्धा तास बोलतात.

पंधरा दिवसांत रेझिन थकतं. मग त्यातून मिठाचं पाणी सोडावं लागतं, की ते पुन्हा ताजंतवानं. त्यासाठी अण्णा गच्चीवर मिठाचं पोतं नेतात. एक बाजू ते धरतात, दुसरी मी. मला कुणी विचारलं नव्हतं.

गेल्या वर्षी अक्कांचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, बीपी वाढलं. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. अण्णांनी ते शून्यावर आणलं. लोणची, पापड, सांडगे सगळे आमच्या घरी रवाना झाले. अक्का भाजीची चव घ्यायला लागल्या की अण्णा त्यांच्या तोंडाकडे बघत राहत. तरी बीपी उतरेना. रोज सकाळी अण्णा मशीन लावून आकडा वहीत लिहायचे आणि मशीन पुन्हा एकदा लावायचे.

असंच एकदा पोतं चढवताना तिसऱ्या जिन्यावर मी दम खायला थांबलो आणि उगाच विचारलं, "अण्णा, तो जो उठतो, तो जातो कुठं?"

"जातो कुठं म्हणजे? पाण्यात."

"आणि तो कोण असतो?"

"सोडियम. मिठातला..." अण्णांनी पोत्याकडे बघितलं. मग तिथेच पायरीवर बसले. "तीस वर्षं पोरांना शिकवलो रे," ते म्हणाले, "आणि दोन वर्षं झाली, तिला मीच मीठ पाजायलोय."

संध्याकाळपर्यंत अक्कांच्या स्वयंपाकघराला बोअरची थेट नळी लागली. दुसऱ्या दिवशी अण्णा घरोघर फिरले. "तुमच्यात बीपी कुणाला?" तळमजल्यावरच्या पाटीलवहिनी म्हणाल्या, "तुम्ही आलात की मलाच येतं." अण्णांनी वहीत त्यांचं नाव लिहिलं आणि त्यांच्याकडेही नळी टाकली.

आता अडचण डाळीची. बोअरच्या त्या जड पाण्यात तूरडाळ शिजत नाही. कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या तरी दाणा न् दाणा वेगळा. चूक आपली, तेव्हा डाळही आपणच शिजवायची, असं अण्णांनी ठरवलं. कुकरवरचा विश्वास उडालेला, म्हणून पातेल्यात, मंद आचेवर. सकाळी आठला डाळ चढते. अण्णा स्टूल घेऊन शेगडीपाशी बसतात, शेजारी पाटावर अक्का. गच्चीवर ते आता फक्त पोतं न्यायला जातात.

परवा मी कढीपत्ता द्यायला गेलो तर अण्णा कोथिंबीर आणायला खाली उतरले होते. मी अक्कांना तब्येत विचारली.

"उतरलंय की आता," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी गोळी बदलली. पाण्यातनं एवढं काही जात नाही म्हणाले. आमचे हे औषधं आणायला गेलते तवा."

"मग अण्णांना सांगितलं नाहीत? जिवाला लावून घेतलंय त्यांनी."

"सांगते की. आज सांगते." अक्का पातेल्याकडे बघत राहिल्या. "एवढी वर्षं लग्नाला झाली रे. कधी लॅबमध्ये, कधी त्या पिंपापाशी. असं माझ्याजवळ बसून बोलले नव्हते कधी. काल माझ्या आईचं नाव विचारलं. विसरले होते."

मी कढीपत्ता ओट्यावर ठेवला.

जिन्यात चपला वाजल्या. अण्णा कोथिंबीर घेऊन आले. "शिजली का ग?"

अक्कांनी डावावर चार दाणे घेतले, बोटांत धरले. माझ्यासमोर त्यांचा लोण्यासारखा लगदा झाला.

"अजून नाही," अक्का म्हणाल्या. "बसा की."

अण्णा बसले.