काटा चारशेवर

हवालदार हंबीररावांच्या पिठाच्या गिरणीला रिकामं फिरायची काही अडचण नव्हती. खटका ओढला की मोटर अशी गोड गुणगुणायची, की ऐकत राहावं. पण वरून गहू ओतला रे ओतला की तिचा आवाज बसायचा, पट्टा सुटायला बघायचा, भिंतीवरचा दिवा तांबडा पडायचा आणि मग सगळंच गप्प. उंब्रजच्या बायका घटकाभर हा खेळ बघायच्या आणि डबे उचलून पलीकडच्या आळीत जयपालच्या गिरणीवर जायच्या. तिथं डिझेलचं इंजिन होतं. ते दिवसभर पुक-पुक करायचं, आणि त्यातली प्रत्येक पुक आपल्यालाच उद्देशून आहे असं हंबीररावांना वाटायचं.

तसं वाटावं असं त्यांनी करूनही ठेवलं होतं. एकाहत्तरची लढाई बघून, पेन्शन घेऊन गावी आले, त्याच आठवड्यात चावडीपुढं छाती काढून म्हणाले होते, "इंजिनाचा जमाना संपला गड्यांनो! आता वीज!" जयपाल तिथंच उभा होता. तो नुसता हसला होता.

हंबीररावांच्या बायकोला, अंबूबाईंना, ना विजेशी देणंघेणं होतं, ना इंजिनाशी. त्यांना नवरा घरात हवा होता. लग्न झाल्यापासून नवरा म्हणजे सुट्टीला येणारा पाहुणा. गिरणी चालली तर तो उंब्रजात राहणार. नाही चालली तर सांगलीकडच्या एका कारखान्यावर रखवालदाराची जागा त्याच्यासाठी धरून ठेवलेली होती. त्यामुळं मोटर थांबली की अंबूबाई हातातलं काम टाकून गिरणीकडं धावायच्या.

"मोटरीचा दोष न्हाई. व्होल्टेज कमी पडतंय," हंबीरराव येईल त्याला सांगायचे.

"व्होल्टेज म्हंजी वो काय?" साळूबाईंनी विचारलं. त्यांच्या लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि गव्हाची पोती दळायची होती.

"पाण्याची टाकी जेवढी उंच, तेवढा नळाला जोर. विजेचा तसा जो जोर, त्यो व्होल्टेज."

"मग मोजा की एकदा त्यो जोर! किती दिस नुसतं बोलताय?"

हे मात्र बरोबर होतं. हंबीरराव मिरजेला गेले आणि पलटणीतल्या जुन्या दोस्ताकडून व्होल्टमीटर मागून आणला. एस.टी.त सबंध वाटभर तो मांडीवर धरून बसले होते. आल्या आल्या त्यांनी बूट चढवले, कोरड्या फळीवर उभे राहिले आणि ओरडले, "मोटर बंद! यंत्राचं माप घ्यायचं तर आधी यंत्र बंद. फौजेचा कायदा हाय!" मेन स्विच मात्र चालूच होता. मोटरीकडं जाणाऱ्या तारांना, खटक्याच्या अलीकडं, मीटरची दोन टोकं टेकवली. काटा टणकन चारशेवर गेला. गिरणीच्या मोटरीला तेवढंच लागतं.

"फुल्ल!" हंबीरराव म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला. वीज पुरेपूर होती. म्हणजे मोटरच नासकी. मोटर सोडवून गुळाच्या ट्रकमधून सांगलीला नेली. तिथल्या मिस्त्रीनं ती चालवून बघितली, पाठीवर थाप मारावी तशी तिच्यावर थाप मारली आणि म्हणाला, "ठणठणीत हाय. न्या माघारी." मोटर माघारी आली. मोटर बंद केली, मापलं. काटा चारशेवर. मोटर चालू केली, गहू ओतला. गिरणी गप्प.

जयपाल मुद्दाम दारावरून गेला. "हवालदार, काटा झकास चाललाय तुमचा. आता त्याच्यावरच दळा!"

शेवटी साळूबाई पोती घेऊन दारात बसल्या. "उद्या मांडव हाय. दुपारपतुर पीठ पडलं तर पडलं, न्हाईतर ही पोती जयपालकडं."

साळूबाईंची पोती जिकडं जातील तिकडं सगळं गाव जाणार, हे काय कुणी सांगायला हवं? अंबूबाईंचे डोळे भरून आले. आणि हंबीरराव? ते पुन्हा मोटर बंद करून, टोकं टेकवून काट्याकडं बघत बसलेले!

"आवं, काय मेलं त्याच्याकडं टक लावून बसलाय? त्यो काय पीठ पाडणार हाय व्हय?" असं म्हणून अंबूबाईंनी पाटीभर गहू गिरणीच्या तोंडात ओतला आणि मोटरीचा खटका ओढला.

"आगं, बंद कर! कायदा हाय!" हंबीरराव किंचाळले. मग काट्याकडं बघून त्याहून मोठ्यांदा, "बंद करू नको!"

"एक काय ते ठरवा!"

"बग, बग, काटा बग!"

काटा खाली येत होता. चारशेवरून घसरला तो साडेतीनशेच्याही खाली. मोटर कण्हली आणि थांबली. अंबूबाईंनी खटका पाडला. हंबीररावांनी कपाळावर हात मारला.

"बसलेल्या मोटरीचं माप घेत हुतो म्या! बसल्या जागी समदेच पैलवान!"

"पोतं पाठीवर दिलं की कळतंय," साळूबाई म्हणाल्या.

फौजेचा कायदा तिथल्या तिथं रद्द झाला. अंबूबाई मोटर चालू करत, गहू ओतत, आणि हंबीरराव तारेच्या वाटेनं मोजत मागं मागं जात. मेन स्विचच्या पुढं मोटरीकडं वीज कमी, मागं खांबाकडं मात्र पुरी चारशे. मग त्यांनी एक टोक स्विचमध्ये शिरणाऱ्या तारेला लावलं आणि दुसरं त्याच तारेला, पण स्विचमधून बाहेर पडते तिथं. एकाच तारेचे दोन भाग. फरक काही दिसायलाच नको. काटा साठावर उडाला!

"चोर गावला!" हंबीरराव नाचायचेच बाकी होते. "हितं मधीच जोर खातोय. आतला स्क्रू ढिला हाय!"

"आन ह्यो स्विच बसिवला कुणी?" साळूबाईंनी विचारलं.

हंबीररावांनी टाचा जुळवल्या, मान ताठ केली आणि मेडल घ्यायला पुढं यावं तसे म्हणाले, "म्या!"

दोघी बायका हसून हसून पोत्यांवर पडल्या. खांबावरून येणारी वीज तोडली, काळं पडलेलं टोक घासलं, स्क्रू आवळला, वीज परत जोडली. अंबूबाईंनी गहू ओतला. मोटर जरा घुमली, आणि पीठ पडू लागलं. पांढरं, ऊन ऊन, धो धो पीठ! अंबूबाईंनी ओंजळ भरून ते दारापर्यंत नाचवत नेलं. "या गं बायांनो! या! आमचीबी गिरणी चालतीया!" दुपारच्या आत साळूबाईंची सगळी पोती दळून झाली, आणि दारात डब्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली.

ऊन कललं तेव्हा जयपाल आला. त्याचं इंजिन गिऱ्हाईक नसल्यानं बंद होतं. त्यानं बराच वेळ पडणारं पीठ बघितलं.

"हवालदार, मीबी विजेची मोटर घ्यायचं म्हणतोय. जोडणी दुसऱ्याकडनं करून घेईन, राग मानू नका. पण मापाला तुमीच पायजे. आत्ता चला, जागा बगून घ्या. आमी जैन, दिवस मावळायच्या आत जेवतो; आमच्यातच जेवा."

हंबीररावांनी मीटर काखेत मारला. सबंध पलटणीत त्यांना इतका मान कधी मिळाला नव्हता. ते निघाले, तशा पिठानं माखलेल्या अंबूबाई दारात आल्या आणि लग्न झाल्यापासून जे म्हणायची संधीच मिळाली नव्हती, ते सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा म्हणाल्या:

"जयपालभाऊ, माप घ्यायला न्या खुशाल. पर जेवायला त्ये घरी येणार हायत!"