तांब्याच्या पाण्यातले दहा मासे

शुक्रवारी सकाळी अकरापर्यंत पाच मासे मरायला हवे होते, आणि एकही मेला नव्हता. गणित्याने टाकीच्या काचेला नाक लावून पुन्हा मोजले. तांबं मिसळलेल्या पाण्यात दहाच्या दहा मासे सहलीला आल्यासारखे हिंडत होते.

पाण्यात किती धातू असला तर किती मासे किती तासांत दगावतील, याचं गणित तो चार वर्षं मांडत होता, म्हणून प्रयोगशाळेने त्याला हे नाव बहाल केलेलं. कागदावर त्याचं मॉडेल मासे अगदी वेळेवर मारायचं. टाकीतले मासे मात्र सलग तिसऱ्या आठवड्यात ऐकायला तयार नव्हते. मॉडेल जुळलं नाही तर प्रबंध आणखी वर्षभर लांबणार होता. "अजून शिकतोयस?" हे विचारणंही आईने आता सोडून दिलं होतं, आणि बिचाऱ्याला तेच जास्त लागत होतं.

"तांबं टाकायला विसरलास," त्याचे मार्गदर्शक सर म्हणाले. शास्त्राच्या बाबतीत सरांना दयामाया ठाऊक नाही, अशी त्यांची ख्याती होती.

"तीनदा तपासलं, सर."

"मग मॉडेल चुकलं. सोमवारपर्यंत दुरुस्त कर, नाहीतर पहिल्यापासून सुरुवात."

गणित्याने दुपारभर डोकं फोडलं. मासे दणकट धरून पाहिले, तांबं कमजोर धरून पाहिलं. शेवटी हताश होऊन तो कोपऱ्यात बसला असताना साफसफाईच्या मावशी आल्या. त्यांनी खिशातून बिस्किट काढलं आणि चुरून सरळ टाकीत टाकलं.

"मावशी! अहो, हे काय?"

"खायला नको त्यांना?"

"चाचणीत खायला देत नाहीत! आणि याच टाकीत का? शेजारी स्वच्छ पाण्यातले आहेत की."

"त्यांना काय धाड भरलीय? मरायचंय ते यांना. जाणाऱ्याला उपाशी कसं पाठवायचं?"

गणित्याने कपाळावर हात मारला आणि हात तिथेच राहिला. चुरा पाण्यात विरघळतो, तांबं त्याला चिकटतं, मग ते माशांच्या कल्ल्यांना बाधतच नाही! म्हणजे मॉडेल चुकलं नव्हतं. त्यात मावशी धरायच्या राहिल्या होत्या.

"रोज किती टाकता?"

"एकच. बाळा, माझी नोकरी जाईल का रे?"

"तुमचं नाव कुठेच येणार नाही. फक्त बिस्किट येईल."

शनिवार-रविवार खपून त्याने रोजचं एक बिस्किट गणितात बसवलं. तरी तीन मासे मेलेच पाहिजेत, असं मॉडेल म्हणे. मावशींना पुन्हा विचारलं, त्या शपथेवर एकावरच ठाम. सोमवारी तो पडेल चेहऱ्याने सरांसमोर उभा राहिला.

"सर, कुणीतरी टाकीत रोज एक बिस्किट टाकत होतं."

"कुणी?"

"ते मी सांगणार नाही. पण ते धरूनही तीन मासे जास्तच जगतात. माझंच चुकतंय. मी पहिल्यापासून सुरू करतो."

सरांनी त्याच्या हातातला आलेख घेऊन पाहिला. चष्मा काढला, पुसला, घातला. मग उठून त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं.

"तुझं काही चुकलेलं नाही," ते हळूच म्हणाले. "दीड धरून बघ."

"दीड? कशावरून, सर?"

सर खिडकीबाहेर बघू लागले.

"चहाबरोबर मी अर्धंच खातो."