पार्टी म्हणेल तसा शेवट

आमच्या घाटोळेजींनी आयुष्यात एकच कादंबरी लिहिली. पण जबलपुरातल्या कोणत्याही दोन माणसांनी ती सारखी वाचलेली नाही. एकीच्या प्रतीत नायिका मरते, दुसरीच्या प्रतीत तिला जुळं होतं. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात यावरून दोन बायकांची अशी जुंपली की वाणाच्या डब्या बाजूला राहिल्या.

"अहो, मालती विहिरीत पडून मेली! मी रडले ना त्या पानावर!"

"काहीतरीच काय! माझ्या पुस्तकात तिचं बाळंतपण झालं. डिंकाचे लाडूसुद्धा आहेत."

दोघी खऱ्या होत्या. गडबड घाटोळेजींची होती आणि तिचा उगम छपाईच्या खर्चात होता.

घाटोळेजी आमच्या समोरच्या घरात राहतात. सगळी नोकरी फॅक्टरीत, इन्स्पेक्शनला. तोफेचे सुटे भाग यायचे, हे मोजमाप घ्यायचे आणि पास नाहीतर रिजेक्ट असा शिक्का मारायचे. रिटायर झाले तेव्हा शिक्का जमा केला, पण सवय घरी घेऊन आले. भाजीच्या ठेल्यावर वांगं उलटंसुलटं करून "भैया, ये पीस रिजेक्ट" म्हणतात. माझ्या नातसुनेचा फोटो पहिल्यांदा दाखवला तेव्हा चष्मा वर-खाली करत बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "पास." तिला अजून कळलेलं नाही की या घरात ती इन्स्पेक्शन होऊन आली आहे.

बायको गेल्यावर त्यांनी कादंबरी लिहायला घेतली. त्यांची कुमुद माझी मैत्रीण. ती होती तोवर या माणसाने किराण्याच्या यादीपलीकडे काही लिहिल्याचं मला आठवत नाही. ती गेली आणि वर्षभरात ‘ओमतीचा हिरा’ तयार झाला. इथल्या ओमती मोहल्ल्यातल्या एका सराफाचा हिरा चोरीला जातो. सराफाची मुलगी मालती, तिचा कपटी मामा, आणि प्रत्येक घरी चहा पिऊन मगच चौकशी करणारा एक गुप्तहेर. कादंबरी बरी होती. मी खोटं कशाला बोलू? नुसती बरी होती, चांगली नव्हती.

मग सुरू झाला छपाईचा शोध. पुण्याच्या एका प्रकाशकाला फोन लावला तेव्हा मी समोरच बसले होते.

"छपाईचा खर्च लेखकाने करायचा असतो," तिकडून आवाज आला.

"अच्छा. आणि विकणार कोण?"

"पहिल्या प्रती लेखकच विकत घेतो."

"म्हणजे मी लिहिली, मीच पैसे दिले, मीच विकत घेतली. तर मग तुम्ही काय करून राहिले जी?"

"आम्ही प्रकाशित करतो."

घाटोळेजींनी फोन खाली ठेवला. "वहिनी, रिजेक्ट."

इथला छापखानेवाला म्हणाला, पाचशेच्या खाली मशीन चालू करणं परवडत नाही. पाचशे वाचक आणायचे कुठून? आम्ही दोघं मोजायला बसलो. मंडळाचे सगळे सभासद, त्यांच्या सासवा आणि नुकतेच वारलेले धरूनसुद्धा आकडा जमेना. पोराबाळांचा तर प्रश्नच नाही. माझा नातू मराठी ऐकतो, समजतो, हसतोसुद्धा, पण वाच म्हटलं की म्हणतो, "दादी, आप ही पढ़ के सुना दो."

शेवटी ओमतीच्याच एका गल्लीत त्यांना एक दुकान सापडलं. कॉलेजच्या पोरांच्या नोट्स आणि लग्नपत्रिका छापणारं. तिथे मोठं मशीन होतं, आणि एक प्रत म्हणाल तर एकच प्रत निघायची. फक्त एकेक काढली की ती महाग पडायची. तेवढी किंमत लावली तर कोणी घेईना, म्हणून घाटोळेजींनी किंमत खर्चाच्या खाली ठेवली. म्हणजे जितकी विक्री जास्त, तितकं नुकसान जास्त. मी कधी विचारलं, "धंदा कसा काय?" तर हात जोडून म्हणायचे, "कृपा आहे. या महिन्यात एकही पीस नाही गेला."

पुस्तकाला ते कधी पुस्तक म्हणाले नाहीत. पीस. आणि वाचक म्हणजे पार्टी.

पार्टी पकडायची त्यांची जागा बडा फुहारा. तिथल्या साडीच्या दुकानांबाहेर पिशवी घेऊन उभे राहायचे आणि कान देऊन ऐकायचे. एवढ्या हिंदीच्या गलक्यात कोणी "अगं, काठ बघ ना याचा" म्हणालं की झालं! घाटोळेजी पुढे. "ताई, मराठी वाचता काय?" एक बाई दचकून म्हणाली, "नहीं भैया, हमको मराठी नहीं आती," आणि लगेच लेकीला म्हणाली, "चल लवकर, काहीतरी विकून राहिलाय." घाटोळेजी हे फार अभिमानाने सांगायचे. पार्टी गेली खरी, पण ओळखली बरोबर होती.

आता ती गडबड. प्रत एकेकच निघते, तर प्रत्येक वेळी बदल करता येतो, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि सगळे पीस सारखे, हे इन्स्पेक्शनचं जन्मभराचं व्रत मोडलं. कोणी म्हटलं, "घाटोळेजी, मालतीला मारायचं नव्हतं," की पुढच्या पीसमध्ये मालती जिवंत. एका गृहस्थांना आपल्या मामांची आठवण झाली, ते रुसले. त्यांच्या प्रतीत मामाच्या जागी शेजारी कपटी झाला. ऑर्डर घेताना घाटोळेजी पेन्सिल कानावरून काढून एकच विचारायचे, "शेवट कसा पाहिजे? पार्टी म्हणेल तसा होऊन जाईल."

मी हसते, पण मीही त्यातलीच. कादंबरीत सराफाच्या शेजारी एक जाड, चोंबडी बाई आहे, ती सतत खिडकीत असते. ती मी आहे हे मी पहिल्या ओळीतच ओळखलं. मी तेव्हा अवघी एकोणसत्तर वर्षांची, रक्त गरम. तडक गेले.

"या बाईला बारीक करा."

"होऊन जाईल."

"आणि गोरी."

"वहिनी, गोरी तर नायिका असते. सावळी-तरतरीत चालेल काय?"

चालली. मी दुसरी प्रत विकत घेतली आणि महिनाभर त्या पानावर बोट ठेवून सगळ्यांना दाखवत फिरले. नंतर कळलं की बाकी साऱ्या जबलपुरात ती बाई जाडच आहे, आणि एका प्रतीत तर तिला मिशीही आहे. ती कोणाच्या फर्माइशीची, हे घाटोळेजी आजपर्यंत सांगत नाहीत.

इतकं सगळं बदललं, पण एक पान मात्र त्यांनी कधी बदललं नाही.

ते पान मधेच येतं. कोणी एक नवरा-बायको रविवारी सकाळी स्कूटरवर बरगीच्या धरणाला जातात. रस्ता, वारा, तिचा पदर स्कूटरच्या चाकात जाऊ नये म्हणून त्याने दोनदा थांबवलेली गाडी. पाण्याजवळ चादर अंथरतात. ‘तिने डबा उघडला.’ इथे पान संपतं. पुढच्या प्रकरणात पुन्हा हिरा. ते जोडपं परत कुठेच येत नाही. चोर नाही, साक्षीदार नाही. काही वाचकांनी त्यांच्यावर शेवटपर्यंत संशय घेतला आणि चिडले. "काढा ना ते पान, काही होतच नाही त्यात," असं जो तो म्हणायचा. मालतीला हवं तेव्हा विहिरीतून वर काढणारे घाटोळेजी या एका बाबतीत पेन्सिल कानावरच ठेवायचे. "ते पान राहील जी."

मग मंडळाची ऑर्डर आली. शाळेच्या बक्षिसांसाठी एकगठ्ठा प्रती. एवढ्या एकदम काढल्या तर भाव खाली येत होता. घाटोळेजी पहिल्यांदाच नुकसानीतून वर येणार होते, आणि ‘ओमतीचा हिरा’ एकाच वेळी इतक्या घरांत जाणार होता. अध्यक्ष स्वतः घाटोळेजींकडे आले, मी तिथेच होते. अट एकच. बक्षिसांचा खर्च उचलणाऱ्या केटररची एक पान जाहिरात टाकायची, आणि पानं वाढवायची नाहीत, नाहीतर भाव चढतो. "म्हणजे एक पान काढा. ते बरगीचं काढा, तसंही रिकामंच आहे."

"शेवट काढा," घाटोळेजी म्हणाले.

"शेवट कसा काढणार?"

"गुप्तहेर काढतो. हिरा सापडत नाही असं लिहितो. पण ते पान राहील."

अध्यक्षांना वाटलं, चेष्टा आहे. मला कळलं, चेष्टा नाही. ऑर्डर गेली. त्या आठवड्यात घाटोळेजी बडा फुहाऱ्याला गेले नाहीत. गॅलरीत बसून राहिले. पेन्सिल होती कानावर, पण पिशवी खुंटीला.

मी गेले. घरात पोह्याचा करपलेला वास होता. म्हटलं, "मला आणखी एक पीस पाहिजे."

"तिसरा? काहून? आता नाक सरळ करायचं काय?"

"नाक राहू द्या. ते बरगीचं पान वाढवा. डब्यात काय होतं ते लिहा."



"ते नाही होत, वहिनी."

"का नाही? मालतीला इतक्यांदा मारलंत, जगवलंत..."

"मालती माझी कोण? तिला पार्टी म्हणेल तसं करतो. ह्या बाईने डबा उघडला की माझा हात थांबते." मग हळूच म्हणाले, "फॅक्टरीचा डबा मला माहीत आहे. पोळी, भाजी, कोपऱ्यात लोणचं. फिरायला जातानाच्या डब्यात काय असते, मी कधी पाहिलंच नाही जी. ती म्हणायची, बरगीला जाऊ. मी म्हणायचो, पुढच्या रविवारी. रविवारी ओव्हरटाइम निघायचा. डबल रेट. सोडवत नव्हता."

मला डब्यात काय होतं ते माहीत होतं.

मी तेव्हा तिशीतली. वर्ध्याहून लग्न होऊन आलेली, आणि स्वतःला कवयित्री समजणारी. ती बाई आज मला रस्त्यात भेटली तर मी तिचा कान धरीन. एका रविवारी सकाळी कुमुद दारात आली. जरीकाठाची साडी, केसांत मोगरा, हातात चार पुडाचा पितळी डबा. "ह्यांचा ओव्हरटाइम निघाला," ती म्हणाली, "चल, गच्चीवर बसून खाऊ." डब्यात सांबारवडी होती. आमच्या नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मूठमूठ सांबार भरून केलेली ती वडी, बाहेरून कुरकुरीत, अजून वाफ येत होती. मी एकेक वडी उचलत होते आणि तिला माझ्या कविता वाचून दाखवत होते. एकामागून एक. विषय विरह! समोर ती नटूनथटून बसली होती, रविवार हातातून निसटलेला, आणि मी वडी चावत यमक समजावत होते. तिने मन लावून ऐकलं. "छान लिहितेस गं," म्हणाली. जाताना चार वड्या बाजूला काढल्या आणि म्हणाली, "ह्यांना सांगू नको हं सुमन. उगाच जिवाला लागेल. पुढच्या रविवारी जाऊच."

मी सांगितलं नाही. कुमुदला दिलेला शब्द, असं मी मनाला समजावत आले. खरं म्हणजे मी विसरूनच गेले होते. कविता लक्षात होत्या.

गॅलरीत बसून मी ते सगळं घाटोळेजींना सांगितलं. कवितांसकट.

ते ऐकत होते. मग कानावरची पेन्सिल काढली, बोटांत फिरवली.

"संध्याकाळी माझ्या ताटात चार होत्या," ते म्हणाले. "मला आठवते. मी विचारलं, आज काय विशेष? ती म्हणाली, काही नाही, बाजारात सांबार स्वस्त मिळाला."

पुढे म्हणाले, "थंड होत्या. मी म्हटलं, पीस पास आहे, पण गरम पाहिजे होता."

मी उठले. चहा करायला म्हणून आत गेले आणि त्यांच्या स्वयंपाकघरात साखरेचा डबा सापडत असूनही शोधत राहिले.

आठवड्याभराने ते पीस घेऊन स्वतः आले. पैसे मोजून घेतले. फुकट प्रत त्यांनी देवालाही दिली नसती. मी आत बोलावलं तर उंबऱ्यातच थांबले, पेन्सिल कानावर, नजर माझ्या हातांकडे. मी चष्मा लावून ते पान काढलं. रस्ता तोच, वारा तोच, चादर तीच.

"पास झाला काय, वहिनी?"

मी बोट खाली सरकवलं. पानाच्या तळाशी वाढवलेलं एवढंच होतं:

‘तिने डबा उघडला. सांबारवडी होती. अजून गरम होती.’